दोनदा फॉर्मॅट करूनही संगणक मध्येच रीस्टार्ट का होतो?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : घरी राहून अनुवाद आणि मुद्रितशोधन करणाऱ्या एक वाचक लिहितात की, सहा वर्षांपूर्वी घेतलेला त्यांचा डेस्कटॉप गेल्या तीन महिन्यांपासून आठवड्यातून दोन-तीन वेळा, कोणतीही सूचना न देता, मध्येच रीस्टार्ट होतो. सव्वा वर्षापूर्वी मुलाने खेळांसाठी त्यात ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले होते, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला आणि खेळांवर बंदी आली. बंदीनंतरही हा प्रकार तीनदा घडला. त्यातल्या एका वेळी वाचक स्वतः चाळीस पाने लेझर प्रिंटरवर छापायला देत होत्या. दुरुस्तीवाल्यांनी ‘विंडोज खराब झाले आहे’ असे सांगून दोनदा फॉर्मॅट केले. पहिल्यानंतर चार आणि दुसऱ्यानंतर दोन दिवस सारे सुरळीत चालले. मुलाने विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल खुणेची नोंद शोधून काढली आणि पॉवर सप्लाय (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा भाग) बदलावा असा आग्रह धरला. संगणक, मॉनिटर आणि प्रिंटर हे तिन्ही पाच वर्षांपूर्वीच्या यूपीएसवर आहेत, त्यामुळे ‘विजेचा प्रश्न नसावा’ असे वाचकांना वाटते. तिसऱ्यांदा फॉर्मॅट करावे, पॉवर सप्लाय बदलावा, की नवा संगणकच घ्यावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात उपाय तीन आहेत, पण निदान अजून कोणीच केलेले दिसत नाही. ते नुसत्या पत्रावरून मलाही करता येणार नाही. मात्र तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन-तीन तपशिलांत बरेच काही दडलेले आहे, आणि त्यांच्या आधाराने, काहीही विकत न घेता, येत्या तीन-चार आठवड्यांत संशयितांची संख्या एक-दोनवर आणता येईल.

त्याआधी एक काम आजच करा. ज्या फायलींवर तुमचे काम अवलंबून आहे त्यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि प्रत घेऊन झाली की तो ड्राइव्ह संगणकापासून काढून बाजूला ठेवा. डिस्कवर काही लिहिले जात असतानाच संगणक रीस्टार्ट झाला, तर उघडी फाइल जाते आणि क्वचित डिस्कवरची फायलींची रचनाही बिघडते. म्हणजे मूळ दोष शोधण्याच्या नादात नवेच दुखणे मागे लागायचे. शिवाय पुढे सांगितलेल्या चाचण्यांच्या काळात संगणक पुन्हा पुन्हा बंद पडावा अशीच आपली एक प्रकारे इच्छा असणार आहे.

आता फॉर्मॅटविषयी. पहिल्या वेळी चार दिवस संगणक नीट चालला, म्हणून फॉर्मॅटचा थोडाफार गुण आला असावा असे तुम्ही लिहिता. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, म्हणजे सरासरी तीन दिवसांतून एकदा, पण अनियमितपणे येणारा दोष जसाच्या तसा कायम असला, तरी चार दिवस काहीही न घडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते आणि दोन दिवस काहीही न घडण्याची शक्यता जवळजवळ नाणेफेकीइतकी, म्हणजे ५१ टक्के असते. तेव्हा त्या सुरळीत दिवसांवरून काहीच सिद्ध होत नाही. अधूनमधून येणाऱ्या कोणत्याही बिघाडासाठी माझा हिशोब असा आहे की, दोन बिघाडांमध्ये सरासरी जितके अंतर पडते त्याच्या तिप्पट काळ निर्धोक गेला, तरच केलेल्या बदलाला श्रेय द्यावे. तेवढा काळ निव्वळ योगायोगाने कोरा जाण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. तुमच्या बाबतीत हा काळ नऊ दिवसांचा आहे. दुरुस्ती करून देणारा माणूस अर्धा तास संगणक चालवून पाहतो आणि ‘झाले काम’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याने पुरेसा वेळ वाट पाहिलेली नसते, इतकेच.

तरीही ते दोन फॉर्मॅट अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही. नव्याने बसवलेल्या विंडोजवरही तोच प्रकार तितक्याच वारंवार घडतो आहे, याचा अर्थ विंडोज बिघडल्यामुळे हे होत असावे ही शक्यता बरीच मागे पडली आहे. पूर्ण मिटलेली नाही, कारण फॉर्मॅटनंतर ग्राफिक्स कार्डाचा तोच ड्रायव्हर (कार्ड आणि विंडोज यांचा मेळ घालणारा प्रोग्राम) पुन्हा बसवला गेला असेल, तर त्यातला दोषही त्याच्याबरोबर परत आला असेल. पण तिसऱ्या फॉर्मॅटला मात्र आता काही अर्थ उरलेला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत एकदा झाली, दोनदा झाली, तिसऱ्यांदा नको.

व्हायरसची शंका तुम्ही एका ओळीत व्यक्त केली आहे, तिलाही एका परिच्छेदात उत्तर देतो. संगणक आपोआप रीस्टार्ट झाला की व्हायरस असणार, ही समजूत निराधार नाही : ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या ‘ब्लास्टर’ने विंडोज एक्सपीचे असंख्य संगणक साठ सेकंदांची उलटी गणती दाखवून रीस्टार्ट केले होते, आणि २००४ च्या ‘सॅसर’नेही तेच केले. आजच्या घातक प्रोग्रामला मात्र तुमचा संगणक शांतपणे चालू राहिलेलाच हवा असतो, कारण माहिती चोरणे किंवा तुमच्या प्रोसेसरवर स्वतःची गणिते सोडवून घेणे बंद संगणकावर जमत नाही. एकदा पूर्ण स्कॅन करा आणि हा विषय सोडा.

मुलाने शोधलेल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीने त्याची आणि पुष्कळ जाणकारांचीही दिशाभूल होते. नावात ‘पॉवर’ आहे, म्हणून दोष पॉवर सप्लायचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ही नोंद रीस्टार्ट होण्यापूर्वी केलेली नसते. पुन्हा सुरू झाल्यावर विंडोजला दिसते की, मागच्या वेळी आपण रीतसर बंद झालो नव्हतो, आणि तेवढेच ते लिहून ठेवते. तो घटनेनंतरचा पंचनामा आहे. त्यात मृत्यू झाल्याचे लिहिलेले असते, कारण लिहिलेले नसते. मात्र त्याच नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाचा एक रकाना असतो आणि तो पाहण्यासारखा आहे. तेथे शून्याखेरीज दुसरा आकडा असेल, तर विंडोजने स्वतः गंभीर चूक ओळखून काम थांबवले होते; शून्य असेल, तर विंडोजला काही कळण्याआधीच, किंवा काही लिहून ठेवता येण्याआधीच, सारे संपले होते.

येथे मुळातला भेद लक्षात घ्यायला हवा, कारण ‘आपोआप रीस्टार्ट होतो’ या एकाच वाक्याखाली तीन वेगळी दुखणी एकत्र नांदत असतात. पहिल्या प्रकारात एखादा प्रोग्राम, बहुधा विंडोज अपडेट, संगणकाला रीतसर रीस्टार्ट व्हायला सांगतो. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टीम’ विभागात १०७४ क्रमांकाची नोंद होते आणि आदेश कोणी दिला त्याचे नावही त्यात सापडते. दुसऱ्या प्रकारात ड्रायव्हर, रॅम किंवा अन्य कशामुळे विंडोज कोसळते आणि निळा पडदा येतो (विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तो काळा झाला आहे). परंतु अशा वेळी लगेच रीस्टार्ट व्हावे असा पर्याय विंडोजमध्ये मुळातच निवडलेला असल्यामुळे तो पडदा अनेकदा दिसण्याआधीच नाहीसा होतो. तिसऱ्या प्रकारात विंडोजचा काहीच संबंध नसतो : संगणकाला मिळणारा विद्युतपुरवठा क्षणभर ढळतो, पॉवर सप्लाय ‘पुरवठा ठीक आहे’ हा मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीला, सतत दिला जाणारा संकेत मागे घेतो, आणि मदरबोर्ड सगळे काही पहिल्यापासून सुरू करतो.

दुसरा आणि तिसरा प्रकार वेगळे ओळखण्यासाठी ‘ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज’ उघडा, तेथे ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागातल्या सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या पर्यायासमोरची खूण काढून टाका. यापुढे विंडोज कोसळले, तर पडदा तसाच थांबून राहील आणि त्यावरच्या संकेताचे छायाचित्र काढता येईल. खूण काढूनही संगणक पूर्वीसारखाच तडकाफडकी रीस्टार्ट होत असेल आणि ‘बगचेककोड’ शून्यच दिसत असेल, तर दोष बहुतांशी विद्युतपुरवठ्यात किंवा यंत्राच्या सुट्या भागांत आहे असे धरून चालावे. एवढ्या एका कृतीने निम्मे अंधारातले चाचपडणे वाचते, तरीही फॉर्मॅट करण्यापूर्वी ती कोणी केल्याचे तुमच्या पत्रात दिसत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला तिसऱ्या प्रकाराचा संशय अधिक येतो, आणि म्हणूनच ‘यूपीएस आहे, तेव्हा विजेचा प्रश्न नसावा’ या तुमच्या वाक्याशी मी अडखळलो. यूपीएस हा विजेच्या वाटेवरचा आणखी एक दुवा असतो; तो धड असेल तर रक्षण करतो आणि थकलेला असेल तर स्वतःच घात करतो. घरगुती यूपीएसमधली शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते, आणि तुमच्या यूपीएसला पाच वर्षे झाली आहेत. बॅटरी बदलल्याचा उल्लेख पत्रात नाही. एरवी असा यूपीएस भिंतीतून येणारी वीज जवळजवळ तशीच पुढे देत असतो, म्हणून बॅटरी निकामी झाल्याचे कळतही नाही. विजेचा दाब थोडा घसरला की तो बॅटरीवर जायला बघतो, तेथे काहीच नसते, आणि संगणकाची वीज क्षणभर तुटते. संगणकाचा पॉवर सप्लाय आपल्या साठ्यावर असा खंड साधारण १६-१७ मिलिसेकंदच निभावून नेऊ शकतो.

आता त्या चाळीस पानांकडे वळू. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवून पक्का करणारा फ्यूझर नावाचा भाग असतो. तो जवळपास २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि तापताना प्रिंटर काही क्षण हजार वॉटच्या घरात वीज ओढू शकतो. छपाईला सुरुवात होताना तर हे होतेच, पण काही प्रिंटर नुसते तयार स्थितीत असतानाही फ्यूझर ठरावीक वेळाने तापवत राहतात, म्हणजे कोणी काही छापत नसतानाही हा भार अचानक येऊ शकतो. दुसरीकडे ६०० व्हीए असे लिहिलेला छोटा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच पेलतो, कारण व्हीए आणि वॉट हे दोन आकडे एक नव्हेत. या कारणानेच लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये असे सांगितले जाते. खेळ चालू असताना ग्राफिक्स कार्डाची भूक वाढते, छपाईच्या वेळी फ्यूझरची. थकलेल्या यूपीएसने दोन्ही वेळी मान टाकली असेल, तर खेळताना आणि काम करताना घडणारे प्रकार एकाच कारणाने जुळतात. हा अंदाज आहे, आणि तो खोटा ठरू शकतो. पण तपासायला सर्वांत स्वस्त असल्यामुळे त्याचा क्रम पहिला लावावा.

संगणक आणि मॉनिटर यूपीएस टाळून थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला जोडा, आणि प्रिंटर शक्यतो दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला. एका वेळी एकच बदल करावा या नियमाला मी येथे जाणूनबुजून मुरड घालतो आहे, कारण आधी हा सगळा भाग संशयमुक्त करणे महत्त्वाचे आहे. मधले एक्स्टेन्शन बोर्डही काढा. सैल झालेल्या पिनेजवळ ठिणगी पडत असेल किंवा प्लग गरम लागत असेल, तर ते सॉकेट वापरू नका. या काळात घरातलीच वीज गेली आणि संगणक बंद पडला, तर तो प्रसंग मोजणीत धरू नये. नऊ दिवस निर्धोक गेले, तर यूपीएस पुन्हा जोडा, पण प्रिंटरविना, आणि आणखी नऊ दिवस पाहा. तेव्हा त्रास परतला, तर यूपीएसची बॅटरी किंवा यूपीएस बदलावा लागेल. नाही परतला, तर प्रिंटरला कायमचे वेगळे सॉकेट दिले की काम संपले.

थेट भिंतीवरही संगणक रीस्टार्ट होत राहिला, तर कॅबिनेटकडे वळावे. बटन बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघडा. समोरच्या रीस्टार्टच्या बटनापासून मदरबोर्डवर येणारी दोन तारांची बारीक जोडणी उपटून ठेवा. ते बटन अडकलेले किंवा आतून चिकटलेले असेल, तर संगणक कोणी हात न लावता रीस्टार्ट होतो, आणि जोडणी काढल्याने काही बिघडत नाही. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवा. त्यानंतर विंडोजमधले मेमरी डायग्नोस्टिक, किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६, रात्रभर चालू ठेवा. रॅमच्या चाचणीत एक चूक निघाली तरी ती एक म्हणून सोडून देता येत नाही. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहिल्यावर दोषी कोणती ते कळते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, रॅमचा वेग वाढवणारा ‘एक्सएमपी’ पर्याय कोणी चालू केला असेल, तर तो बंद करूनही पाहावे.

उष्णतेविषयी लोक फार बोलतात, पण खऱ्या अर्थाने तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि मग बहुधा संगणक सरळ बंद करतो. तो लगेच रीस्टार्ट होत नाही. बंद पडणे आणि रीस्टार्ट यांत गल्लत होण्याचे एक कारण मात्र आहे. वीज तुटून परत आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा असा एक पर्याय बायोसमध्ये असतो. तो चालू असेल, तर वीज तुटून बंद पडणेही रीस्टार्टसारखे भासू शकते, म्हणून चाचणीपुरता तो बंद ठेवावा. धूळ झटकणे, पंखे फिरतात का पाहणे आणि तापमान मोजणारा एखादा प्रोग्राम लावणे एवढे पुरे. आजच्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान असते. भर कामात तुमचा ८० च्या आसपास राहत असेल, तर उष्णतेला सोडून द्यावे.

यानंतरही दोष उरलाच, तर मुलाचे म्हणणे खरे ठरण्याची वेळ येते. सहा वर्षांचा पॉवर सप्लाय, ज्याला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात, त्याच्या निवडीच्या वेळी ग्राफिक्स कार्ड घरात नव्हते. कार्डाचा भार नंतर वाढला आणि आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, तोवर म्हातारे झाले. पण नवा विकत घेण्याआधी पुरेशा क्षमतेचा कोणाचा तरी उसना घेऊन नऊ दिवस लावून पाहा. जुना आणि नवा मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा, असला, तर एकाच्या केबल दुसऱ्याला लावू नका, कारण पिनांची रचना वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते. एसएमपीएसचे डबडे मात्र कोणीही घरी उघडू नये; वायर काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतदाब शिल्लक असू शकतो.

आणखी एक गोष्ट करू नका, आणि ती इंटरनेटवरच्या सल्ल्यांत हमखास सापडते : हा दोष सुटेपर्यंत बायोस अद्ययावत करू नका. ते काम चालू असतानाच संगणक रीस्टार्ट झाला, तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

नव्या संगणकाचा विचार सध्या बाजूला ठेवावा असे मी म्हणेन, आणि ते काटकसरीसाठी नव्हे. दोष यूपीएसमध्ये किंवा सॉकेटमध्ये असेल, तर नवा संगणकही त्याच जागी त्याच तऱ्हेने रीस्टार्ट होईल, आणि मग तुम्ही त्याचेही फॉर्मॅट करून घ्याल. रॅम आणि एसएमपीएस निर्दोष ठरून दोष मदरबोर्डवरच येऊन थांबला, तर गोष्ट वेगळी. सहा वर्षांच्या संगणकाला जुळणारा मदरबोर्ड शोधण्यापेक्षा नवा घेणे तेव्हा शहाणपणाचे ठरू शकते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे तुमच्या संगणकावर विंडोज ११ चालत नसेल, तर नव्याचा विचार करायला ते स्वतंत्र कारण आहे. पण त्याचा या बिघाडाशी संबंध जोडू नये.

हाच त्रास लॅपटॉपवर होत असलेल्या वाचकांनी विजेची चाचणी अशी करावी : चार्जर काढून केवळ बॅटरीवर काम करावे आणि दुसऱ्या वेळी चार्जर लावून तेच काम करावे. एकाच स्थितीत रीस्टार्ट होत असेल, तर चार्जर की बॅटरी, हे तेथेच बऱ्याच अंशी ठरते.

राहता राहिली खेळांवरची बंदी. ती आजच उठवा. ग्राफिक्स कार्डावर आणि पुरवठ्यावर पूर्ण भार टाकून पाहण्याचे खेळाइतके चांगले साधन घरात दुसरे नाही, आणि तुमचे संशयित तपासायचे तर प्रत्येक नऊ दिवसांच्या टप्प्यात रोज तासभर खेळणे हे चाचणीचाच भाग आहे. एक वही करा. प्रत्येक प्रसंगाची तारीख आणि वेळ, त्या क्षणी काय चालू होते, प्रिंटर चालू होता का, मॉनिटर आणि यूपीएसचे दिवे क्षणभर गेले का, ‘बगचेककोड’ शून्य होता का, हे तीत लिहिले जाऊ दे. कोणाच्या सांगण्यावाचून इव्हेंट व्ह्यूअर उघडून ४१ क्रमांकाची नोंद शोधणारा मुलगा घरात आहे, तेव्हा ती वही त्याच्याच हाती द्यावी.